रडणं बारीक झालं तर

वजनकाट्याच्या झोळीत घातल्याबरोबर बाळाने जो सूर लावला, तो कोंबड्या खुराड्यात शिरेपर्यंत थांबला नाही.

"चार किलो दोनशे," इंदुताई म्हणाली. "काढ आता त्याले."

इंदुताई गावची आशा सेविका; तिची ही बेचाळिसाव्या दिवसाची, म्हणजे शेवटची भेट. करिश्माने बाळाला उचललं, पण जोजवलं नाही. आधी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"ताई, हे कोनतं रडनं होय?"

"झोपेचं. डोळे मिटून राह्यले, पाह्य."

"पक्कं?"

सासू मंगलीबाई चुलीपाशी हसली. "रोज झोपवाच्या टायमाले असंच. पोरगं रडलं तरी भेते, नाई रडलं तरी भेते. पोलिसावानी पहारा देते बापा!"

"मंग का करू?" करिश्मा म्हणाली. "ताईनं तवा सगळं शिकवलं होतं. भुकेचं, झोपेचं, पोट दुखाचं. माह्याच कानाले समजलं नाई."

इंदुताईचा पेन फॉर्मवर थांबला. 'धोक्याची लक्षणे आईला सांगितली' असं तिथे छापलेलं होतं, पुढे रिकामी चौकट.

दोन वर्षांपूर्वी याच ओसरीत ती करिश्माच्या पहिल्या मुलीला बघायला आली होती. मोहफुलं वेचायचे दिवस होते. भुकेचं, झोपेचं, पोटाचं रडणं तिने नक्कल करून दाखवलं, करिश्मा पोट धरून हसली. तेवढ्यात आभाळ भरून आलं. इंदुताईच्या अंगणात चार दिवसांची मोहफुलं वाळत पडली होती. भिजली असती तर काळी पडली असती. बाकीचं पुढच्या भेटीत, म्हणत ती पळाली. चौकटीत खूण मात्र उभ्या उभ्या करून टाकली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचं रडणं बारीक होत गेलं. झोप येत असेल, म्हणून करिश्मा झोका देत राहिली. मुलगी पुन्हा जागी झाली नाही.

"तुह्या कानाची चूक नोहोती," इंदुताई म्हणाली.

"मंग?"

"मीच अर्धं सांगतलं. मोहा वाळत होता, पानी आलं, मी पयाली. फॉर्मवर मातर सगळं सांगतलं म्हनून लिवलं."

चुलीत फुंकणारी मंगलीबाई थांबली. करिश्मा खाली बसली. बाळ कुरकुरत होतं, तिने त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"दोन साल झाले, ताई. दोन साल मी सोताले शिव्या देऊन राह्यली. तुमी रोज या रस्त्यानं जाता."

"हो."

"तवा राह्यलं होतं थे सांगा आता."

इंदुताईने सांगितलं. रडणं बारीक झालं, बाळ दूध ओढेना, अंग थंड लागलं, छाती आत ओढली गेली, तर झोका द्यायचा नाही. कितीही वाजलेले असोत, बोलवायचं. करिश्माने एकेक गोष्ट बोटावर मोजत म्हणून दाखवली. एक चुकली, ती पुन्हा म्हटली.

मग भिंतीकडे तोंड करून तिने बाळाला पदराखाली घेतलं. ते चुटचुट ओढू लागलं. कोणी चहाचं विचारलं नाही.

इंदुताईने काटा उतरवला. झोळी अजून कोमट होती.

"ताई," करिश्मा पाठमोरीच म्हणाली, "आता लिवा फॉर्मवर, सांगतलं म्हनून."