पहिली धार भुईला

मी एक चिप बोलतेय. आवाज बारीक येत असेल, कारण माझ्याभोवती पत्र्याचा डबा आहे, डब्यावर सरकी पेंडीचं पोतं आहे आणि पोत्यावर बहुतेक वेळा एक मांजर झोपलेलं असतं. हा सयाजीअण्णांचा गोठा. इथं मला बोल म्हणून कोणी सांगितलेलं नाही. पण माणसांचा इतका वीट आलाय की गप्प राहवत नाही.

मसुरीच्या डाळीएवढी माझी काया. मूळची मी वाळू. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एकाच भट्टीतून, एकाच नकाशाबरहुकूम जन्माला आल्या. तरी घडताना कुणाच्या अंगातली रेघ केसभर जाड राहिली, कुणाची बारीक. ते कोणी मुद्दाम केलं नव्हतं आणि मुद्दाम कोणाला करताही येणार नाही. तीच माझी ओळख. मला एक ठरावीक प्रश्न घातला तर मी जे उत्तर देते, ते माझी सख्खी बहीणही देऊ शकत नाही. माझा अंगठ्याचा ठसाच म्हणा ना.

दुसरं माझं काम आकडा काढायचं. माझ्या अंगातली वीज सतत थरथरत असते, त्या थरथरीतून मी आकडा उचलते. कोणता येणार ते मलाही आधी ठाऊक नसतं. गेलेला आकडा मला परत आणता येत नाही. मी कोणाची पाहुणी नाही आणि कोणाच्या घरचा चहा प्यायलेली नाही.

कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात अदिती नावाच्या इंजिनिअर मुलीनं मला सोडतीच्या यंत्रात बसवलं. नावं भरायची, हिरवं बटण दाबायचं, पडद्यावर एक नाव उमटतं. झाकण लावताना ती म्हणाली, "जा बाई, तू तरी लोकांची भांडणं मिटव." किती भाबडी पोर!

मला विकत घेतलं एका दूध कट्ट्यावरच्या गवळ्यांच्या संघटनेनं. संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा, हा इथला जुना रिवाज. पैलवानापासून प्राध्यापकापर्यंत सगळे मिशीला फेस लावून उभे असतात. कट्ट्यावर नवं छत झालं. त्याखाली कोपऱ्यावरची एकच जागा रिकामी राहिली आणि ती प्रत्येकाला हवी होती.

सगळ्यात जास्त हवी होती बायडाबाईला. तिची एकच म्हैस, नाव मोना. दोघी गटाराच्या कडेला उभ्या राहायच्या आणि त्या वासानं गिऱ्हाईक थांबायचं नाही. ही जागा मिळाली नाही तर मोनाला विकावं लागणार, असं ती भेटेल त्याला सांगायची, तेही मोनाच्या पाठीवर हात ठेवून.

सोडतीच्या दिवशी आधी माझी पूजा झाली. नारळ माझ्याच डब्याच्या कोपऱ्यावर फोडला. त्याचं पाणी फटीतून आत आलं, वरून गुलालाची मूठ. आतून चिकट, बाहेरून लाल. ज्याला देव मानायचं त्याला आधी बरबटून ठेवायचं, ही माणसांची आवड मला तेव्हा कळली. मग अध्यक्ष सयाजीअण्णांनी पारदर्शक कारभारावर भाषण केलं आणि बटण दाबलं.

नाव आलं बायडाबाईचं.

टाळी वाजली नाही. बायडाबाईचा हात तोंडावर गेला. अण्णांनी पडद्याकडं पाहिलं, मग मेहुण्याकडं, म्हणजे पिराजीकडं पाहिलं आणि घसा खाकरला.

"मंडळी, धार काढताना पयली धार आपण कुठं सोडतो?"

"भुईला!" चारजण ओरडले.

"मग मशीनची बी पयली धार भुईला. रीत ती रीत. व्हय का न्हाय?"

आणि माना डोलल्या! कोणीतरी हसेल, कोणीतरी उठून उभं राहील असं मला वाटलं होतं. पण दुसरी धार आपल्याच चरवीत पडेल अशी प्रत्येकाला आशा. माझ्या अंगावर शहारा आला तो त्या माना बघून. अण्णा निदान उघड उघड लबाड होते.

पुन्हा बटण दाबलं. वेगळंच नाव आलं. "ही बी जरा पातळ हाय," अण्णा म्हणाले. पुन्हा दाबलं. पुन्हा पातळ. मी दर खेपेला खरंच बोलत होते आणि ते माझं खरं मातीत ओतत होते. शेवटी पिराजीचं नाव उमटलं तेव्हा अण्णा गरजले, "आता बसली धार! वाजवा रं हलगी!"

बायडाबाई पदर खोचून पुढं आली.

"सयाजी, पयली धार एकदाच सोडत्यात. तू अख्खी म्हस भुईवर पिळलीस की!"

असा हशा पिकला की हलगी थांबली. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं. दोन दिवसांत सगळं कोल्हापूर अण्णांना बघून हसू लागलं. अखेर अण्णांनी जाहीर केलं, "कारखान्याची पोरगी बोलवा. परत काढू. एकदाच बटण." बोलताना ते हसत होते. ते का, हे त्याच संध्याकाळी कळलं. त्यांनी मला आणून इथं पोत्याखाली कोंबलं आणि दुसरा डबा तयार करून घेतला. तोच रंग, तसलंच बटण, माझ्याच नंबराचं लेबल. आतल्या बिचारीला एकच नाव पढवलेलं, पिराजीचं.

गोठा कट्ट्याच्या मागंच आहे, त्यामुळं पुढचं सगळं मला ऐकू आलं. अदितीनं बटणाला हात लावण्याआधी त्या डब्याला तार जोडली आणि माझा प्रश्न घातला. कारखान्यात नोंदवून ठेवलेल्या माझ्या उत्तराशी ते जुळलं नाही. परत घातला, परत चुकलं.

"अण्णा, हे आमचं यंत्र नाही."

"नंबर बघा की! त्योच हाय!"

"नंबर कुणालाही चिकटवता येतो. ही ती नव्हे."

तेवढ्यात पिराजीची नजर चुकून गोठ्याकडं वळली म्हणे. बायडाबाई तडक आत शिरली. मांजर हुसकलं, पोतं ढकललं, मला छातीशी धरून कट्ट्यावर नेलं आणि पदरानं गुलाल पुसला. अदितीनं प्रश्न घातला. मी उत्तर दिलं.

"हीच ती," अदिती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मी म्हणून ओळखलं होतं. त्या दोन शब्दांचं सुख अजून विसरले नाही.

आता बटण एकदाच दाबायचं होतं. सगळ्यांनी तसं मोनाच्या शिंगाला हात लावून कबूल केलं. खरं सांगू? त्या घटकेला मला खोटं बोलायचं होतं. अंगातली एखादी थरथर बायडाबाईकडं झुकावी म्हणून मी जीव एकवटला. पण मला ते जमत नाही. मला तसं घडवलेलंच नाही.

अदितीनं बटण दाबलं. नाव आलं पिराजीचं.

"बघा! आता तरी पटलं का?" अण्णा दोन्ही हात वर करून नाचले. घटकाभरापूर्वी याच माणसाला तोंड लपवायला जागा नव्हती. बायडाबाईबरोबर हसणारे सगळे आता पिराजीची पाठ थोपटत होते. गुलाल उधळला गेला, पुन्हा माझ्या फटीत. मला शिसारी आली.

बायडाबाईनं विचारलं, "पोरी, हे खरं हाय?"

अदितीनं होकाराची मान हलवली.

"मग हाय." बायडाबाईनं माझ्या डब्यावर हात ठेवला. "तू न्हाईस गं खोटी. तुझं पयलं बी खरंच हुतं." आणि मोनाची दोरी सोडून, तिला घेऊन ती चालू लागली.

मला पुन्हा इथंच टाकलं. संघटनेला आता यंत्र नको आहे. माझी कोणाकडं तक्रार नाही. फक्त एवढंच मागते, की मला हळदकुंकू लावू नका, नारळ फोडू नका. पहिलं उत्तर ऐकून घ्यायची छाती असेल तरच बटणाला बोट लावा, नाहीतर मला गंजू द्या.

मोना आता याच गोठ्यात असते, माझ्यासमोरच्या खुंटाला. अण्णांनी विकत घेतली. रोज सकाळी पिराजी चरवी घेऊन तिच्याजवळ बसतो, कास धुतो आणि पहिली धार भुईला सोडतो. एकदाच.