परचीवरची सही

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी, शांताराम बोरकुटे, सव्वीस वर्षं नळ दुरुस्त करतोय. त्यातली गेली दहा वर्षं मी मराठी घरांत हिंदी बोलतो. माझ्या बायकोला हे कळलं तेव्हा तिने मला वेड्यात काढलं. पण मराठी बोललो की मी आपला माणूस होतो, आणि आपल्या माणसाला काय काय करावं लागतं ते माझं मलाच ठाऊक. नळ झाला की कपाट सरकव, मखराला चार खिळे ठोक, येताना कोथिंबीर आण. आमच्या हिंदी सुताराला याच घरांतून 'भैया, आप बैठिए' म्हणतात. परक्याला काम सांगताना माणूस एकदा तरी विचार करतो, म्हणून मी परका झालो. शांताराम हे नाव हिंदीतही खपून जातं, आडनाव कोणी विचारत नाही.

सगळा जीव परचीत अडकलेला असतो. क्वार्टरमधून तक्रार आली की आमच्या हातात परची येते. काम झालं की घरच्या माणसाने तिच्यावर सही करायची, शेजारी शेऱ्याचा रकाना असतो. सही नाही तोवर काम झालंच नाही, मग नळ कितीही छान बंद होवो. लोकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून परची टेबलावर ठेवून घेतात आणि म्हणतात, आता आलाच आहात तर.

त्या शुक्रवारी माझ्या नावावर तीन परच्या होत्या. शनिवारी सकाळी नागपूरला माझी भाची अलका बोहल्यावर चढणार होती. माझी बहीण कमल विधवा, मी तिचा एकटा भाऊ. मामाने हात धरून मुलीला मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे काम दुसऱ्या कोणाला देता येत नाही. गाडी पाच चाळीसची होती. आमचे फोरमन सक्सेनाजी माणूस वाईट नाहीत, पण नियमाचे. रजेचा अर्ज काचेखाली सरकवून म्हणाले, "तीनों परचियाँ बंद करके लाओ, मैं दस्तखत कर दूँगा।"

दोन परच्या बारापर्यंत झाल्या. तिसरी देवधरांची, संडासाची टाकी सारखी वाहते म्हणून. साहेब पुण्याहून बदलून आले होते आणि त्या वेळी कारखान्यात होते. घरात त्यांची बायको वैजयंतीबाई आणि म्हातारी आई. मी टाकीतला गोळा बदलला, तीनदा पाणी सोडून दाखवलं आणि परची पुढे केली. एक वाजला होता.

"भैया, आप ज़रा रुकिए," बाई गोड आवाजात म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळून त्याच गोड आवाजात मराठीत, "सही लगेच द्यायची नाही हं आई. एकदा दिली की हे लोक तोंड दाखवत नाहीत. बागेतला नळही करून घेऊ."

मी ऐकलं आणि बागेत गेलो. परकं होण्याचा हा एक तोटा आहे, आपल्याबद्दलचं सगळं ऐकावं लागतं. पण त्यांच्या मते मला ते कळत नव्हतं, त्यामुळे मान खाली घालायची गरज नव्हती. बागेतल्या नळाचा आटा गेलेला होता. तो बसवायला पावणेदोन तास गेले. ऊन पाठीवर होतं, गुडघे बोलत होते, आणि मी मनातल्या मनात स्टेशनपर्यंतच्या बसचा हिशोब करत होतो.

आत आलो तर बाईंनी गच्चीकडे बोट दाखवलं. "अब ऊपर की टंकी भी साफ़ कर दीजिए। बहुत कचरा है।"

"मैडम, वो परची में नहीं है," मी म्हणालो. "आज शाम की गाड़ी है। कल भांजी की शादी है नागपुर में। आप साइन कर देतीं तो छुट्टी मिल जाती।"

बाई हसल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "काम आलं की यांच्या घरी बरोबर लग्नं निघतात."

सव्वीस वर्षांत मी बरंच गिळलंय, हे मात्र गिळवेना. मी खोटं बोलतोय असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांना माझ्या घरचं लग्न खरं वाटतच नव्हतं, जशी काही आम्हाला घरंच नसतात.

म्हातारीने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "अगं, मामा आहे तो," ती सुनेला म्हणाली. "मामाशिवाय मुलगी मांडवात कशी येईल?"

"तेच तर सांगून राहिलो न आई मी," मी म्हणालो.

मराठीत बोलून गेलो आणि मग कळलं. मला वाटलं, आता बाई ओशाळतील, निदान पदर तरी सारखा करतील. क्षणभर त्या गोंधळल्याही. मग त्यांचा चेहरा फुलला.

"अय्या, तू मराठी? मग आधी नाही का सांगायचं? कधीची हिंदीत तोंड वेंगाडतेय मी. आपलाच माणूस निघालास की. मग काय, टाकीचं तेवढं करूनच जा. चहा टाकते तुला."

तीन वाजायला आले होते. मी पिशवीत पाने-पकडी भरल्या. आवाज मी वाढवला नाही.

"बाई, टाकीला दोन तास लागतात. गाडी चुकली तर भाचीच्या पाठीशी कोण उभं राहील, ते तुम्हीच सांगा. मी तसं कळवतो बहिणीला."

म्हातारीने टेबलावरची परची उचलून सुनेपुढे धरली, वर पेन ठेवलं. बाईंचा चेहरा उतरला. "आपल्या माणसाशी असं बोलतात का रे?" असं म्हणून त्यांनी सही केली. मग थांबून शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि परची माझ्याकडे न देता टेबलावरून सरकवली.

सक्सेनाजींनी ती मला वाचून दाखवली. काम ठीक, नळवाला उद्धट, समज द्यावी. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रजेवर सही केली. "इसका जवाब लौटकर लिख देना। अभी भागो।"

मी पोचलो. अलकाचा हात धरून तिला मांडवात आणलं, पाठीशी उभा राहिलो. माझ्या हाताला नळाच्या गंजाचा वास येत होता. कोणाला कळलं नाही.

सोमवारी टेबलावर छापील कागद होता. ग्राहकाशी उद्धट वागण्याचं कारण लेखी द्यावं. मी बराच वेळ पेन धरून बसलो. टाकी, बागेतला नळ, लग्नावरचं हसणं, सगळं लिहावंसं वाटलं, पण लिहायचा कंटाळा आला. शेवटी सक्सेनाजींना कळावं म्हणून हिंदीत एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली.

मैंने उनसे मराठी में बात की थी।