जीभ वर कर

रोज सकाळी चहाआधी माझा नवरा माझ्यासमोर गोळी गिळायचा आणि तोंड उघडून दाखवायचा. जीभ वर, जीभ खाली. भरती न होता, घरी राहून, कामधंदा करून दारू सोडायची तर ही अटच होती. मीही बजावलं होतं, एकदा जरी प्यायलास तरी पोरीला घेऊन चालले.

परवा कामावरून आला तो भेलकांडतच. तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, मोरीत भडाभडा ओकला. डॉक्टरीणबाईंनी सांगूनच ठेवलं होतं, गोळीवर दारू घेतली की हे असंच होणार. माझं डोकंच फिरलं.

"नाही गं घेतली. तोंड हुंगून बघ."

हुंगलं. वास नव्हता. म्हटलं, लवंग चघळली असेल, हा तर बारा गावचं पाणी प्यायलेला! पोरीचे कपडे पिशवीत कोंबले. तो मागे काहीतरी पुटपुटत होता. मग त्याचा दंड धरून दवाखान्यात नेलं. बाकावरची माणसं बघत होती. बघू देत.

"बाई, तुमचा पेशंट प्यायलाय. घ्या!"

बाईंनी नाडी बघितली, मग त्याची तपकिरी नखं. "काम काय करता?"

"फर्निचरचं," मीच म्हटलं. पहिल्या दिवशीही मीच सांगितलं होतं.

"पॉलिशचं," तो म्हणाला. "आज खिडक्या बंद होत्या."

"पॉलिश कशात कालवता?"

"स्पिरिटात."

बाई म्हणाल्या, "अहो, स्पिरिट म्हणजे दारूच. नुसती वाफ नाकात गेली तरी ही गोळी त्रास देऊ शकते."

ती गोळी बंद केली. दारूची ओढ कमी करणारी दुसरी लिहून दिली. जुनीचा असर अंगातून जाईपर्यंत पॉलिशजवळ फिरकायचं नाही, आणि दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या गटात दोघांनी यायचं.

मला तर हायसंच वाटलं. रस्त्यात म्हटलं, "अरे मेल्या, स्पिरिटचं तेव्हाच सांगायचंस ना!"

"सांगत होतो. तू पिशवी भरत होतीस."

नव्या गोळीला पहारा नको, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून सकाळी मी मुद्दाम पाठ करून चहा गाळत राहिले. मागे हालचालच नाही. वळून बघते तर हा ग्लास धरून उभा, तोंड आ वासलेलं, जीभ वर.

"मिट रे. माझा विश्वास आहे."

मिटेना. शेवटी मी जवळ गेले आणि नीट वाकून बघितलं. तेव्हा कुठे त्याने तोंड मिटलं.