उंबऱ्यापाशी थांबणारा

जयाला उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत मुलगी झाली, त्या सालची ही गोष्ट. जया ही गहिनीनाथची थोरली. तिला लग्न करून टोळीबरोबर ऊसतोडीला धाडलं तेव्हा तिची नववीची परीक्षा व्हायची होती. आता पाठची आरती दहावीत होती आणि दसरा तोंडावर आला होता. दसरा झाला की पाथर्डीकडची ही गावं रिकामी होतात. मागं उरतात म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेत जाणारी पोरं.

त्या घरातली म्हातारी म्हणजे गहिनीनाथची आई, रंगुबाई. तिला अक्षर आलं ते पन्नाशी उलटल्यावर, गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा. वाचायची ती बोट ठेवून, ओठ हलवत. एसटीची पाटी, खताची गोणी, लग्नपत्रिका. पाटीवर पाथर्डी लिहिलेलं असलं की गाडी पाथर्डीलाच जायची. त्यामुळं छापलंय म्हणजे घडलंय, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं.

पोळ्याच्या सुमारास गोधड्या उन्हात घालताना तिला त्यांच्या घडीत एक पुस्तक सापडलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कडा मळलेल्या. वर्गातल्या पोरी ते हातोहात फिरवत होत्या आणि त्या आठवड्यात आरतीची पाळी होती. रंगुबाई उन्हातच बसली आणि वाचू लागली. पहिल्याच पानावर दिवेलागणीला एक पोरगा एका पोरीच्या मागच्या दारी उभा होता. देखणा, हळू बोलणारा. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास यायचा आणि त्याची सावली पडत नव्हती.

संध्याकाळी आरती शाळेतून आली.

"आरते, ही पोरगी कंच्या गावची गं?"

"कंची?"

"ह्या बुकातली. मेलेल्यावर जीव जडलाय बघ तिचा."

आरती आधी दचकली, मग खुदकन हसली. "आज्जे, तू वाचलंस? अगं, ते खोटं असतंय. कुनीतरी मनानं लिवतंय."

"खोटं कशाला छापत्याल? एवढा कागद नासवून?"

"आता तुला काय सांगू!"

"तिला भेव न्हाई वाटत?"

"वाटतं की. आमालाबी वाटतं. वाचताना पाय आखडून बसतो आमी. पर भेव वाटतं म्हनून तर सोडवत न्हाई. अन् तो बोलतो लई ग्वाड."

"तुलाबी आवाडतो काय तो?"

"साऱ्या वर्गाला आवाडतो."

"मग जित्त्या पोरांनी काय घोडं मारलंय?" रंगुबाई म्हणाली. दोघी हसल्या.

पुढं पुस्तक मैत्रिणींत फिरून पुन्हा आरतीकडं आलं आणि रंगुबाईला दुपारचा चाळा लागला. भाकरी तव्यावर करपायला लागली. पुस्तकातल्या पोरीचं घरच्यांनी दुसरीकडंच लग्न ठरवलं होतं. तो मेलेला पोरगा रोज यायचा, बाहेरच थांबायचा आणि विचारायचा, "येतेस?" ती हो म्हणाली की तिला घेऊन तो बारवेच्या पाण्यात उतरणार होता. रंगुबाईचे तळवे गार पडायचे, तरी बोट पुढं सरकायचं. नवरात्र बसलं तेव्हा ती ज्या पानावर पोचली, तिथं ती पोरगी मेंदीच्या हातांनी घराबाहेर पडली होती आणि बारवेच्या पायरीवर तिच्या चपला राहिल्या होत्या. तेवढ्यात बाहेर मोटारसायकली थांबल्या. रंगुबाईनं पुस्तक गोधडीत सारलं.

टोळीचा भीमा मुकादम आला होता, सोबत त्याचा पुतण्या हनुमंत आणि दोन कारभारी. हनुमंत एकटा होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला टोळीत कोण विचारतो? दसऱ्याच्या आत त्याचं लग्न व्हायला हवं होतं. गहिनीनाथनं घोंगडी अंथरली, चहा ठेवायला सांगितलं, आणि सगळ्यांना कळलं की आज सुपारी फुटणार.

सत्यशीला, आरतीची आई, चुलीपासून उठून सासूकडं आली. 

"आत्या, आरती दिसंना. नवं लुगडं नेसवाय हाक मारली, तर मागलं दार सताड उघडं."

रंगुबाईनं गोधडीत हात घातला. पुस्तक तिथं नव्हतं.

ती मागच्या दारानं निघाली. बाजरीच्या ताटांतून, बांधावरून, मारुतीच्या देवळामागं.  पोरीनं हो म्हटलं असेल, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. जित्त्यांनी दार लावलं की पोरगी कुणाच्या दारात जाणार?

जुनी बारव पावसानं तुडुंब भरली होती. वरच्या पायरीवर आरतीच्या चपला होत्या. एकीला एक लावून, नीट ठेवलेल्या.

रंगुबाई मटकन खाली बसली. तिनं आरतीला हाक मारली. हिरवं पाणी हलत नव्हतं.

"आज्जे?"

खालच्या देवळीतून आरतीनं डोकं बाहेर काढलं. मांडीवर पुस्तक होतं.

"भवाने!" रंगुबाईचा आवाज आला तो रडका. "चपला का काढल्यास इथं?"

"तूच सांगितलंस ना, आसरांच्या पान्याला चपला घालून जाऊ न्हाई."

खरंच, पाण्यातल्या आसरा देवींचा मान राखायला लहानपणी हाताला धरून तिनंच शिकवलं होतं. पुस्तकाच्या भीतीत ती आपलीच शिकवण विसरली होती. पदरानं तोंड पुसून ती उठली. मग पायऱ्या उतरून नातीजवळ गेली.

"हो म्हनली का त्याला?"

"शेवटची पानं ऱ्हायलीत. म्हनलं, आज वाचून काढावं. उद्यापासून कोन वाचू देतंय?" आरतीनं पान दुमडलं. "आज्जे, तू म्हनलीस ना, मेलेला कसा आवाडतो? तो भूत हाय गं, पर उंबरा वलांडत न्हाई. रोज भाईर हुबा ऱ्हातो अन् इचारतो. ती गप बसली तर माघारी जातो. जयाक्काला कुनी इचारलं हुतं?"

 जयाच्या सुपारीला रंगुबाईनंच गूळ वाटला होता.

"तुला जायाचंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"चल मग. चपला घाल."

घरी चहा निवला होता. गहिनीनाथ दारात उभा होता, मान लाल झालेली.

"कुठं गेल्ती? मानसं खोळंबल्यात!"

रंगुबाई आत शिरली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, नातीचं मनगट धरून. "गहिन्या, एक भूत हुतं. मेलेलं. तरी ते दाराभाईर थांबून पोरीला इचारायचं, येतेस का म्हनून. तुमी जित्ती मानसं सुपारी फोडाय बसलाव. हिला इचारलं कुनी?"

"कंचं भूत?" एक कारभारी म्हणाला.

भीमा मुकादम हसला. "म्हातारीनं बुकं वाचल्यात वाटतं. काय गं आजे, नातीला कलेक्टर करती काय?"

कुणी हसलं नाही. हनुमंत खाली बघत घोंगडीचं सूत ओढत होता. मग हळूच म्हणाला, "इचारा की तिला."

"तू गप," मुकादम म्हणाला.

"जल्मभर माझ्यासंगं ऊस तोडायचाय, चुलते. इचारा."

गहिनीनाथनं लेकीकडं पाहिलं. आजवर त्यानं तिला पाणी दे, दार लाव, एवढंच सांगितलं होतं. 

"जायाचं का, आरते?"

"न्हाई, अप्पा. मला धाव्वी करायचीय."

मुकादमानं सुपारी खिशात टाकली. मोटारसायकली गेल्या. गहिनीनाथ भिंतीला टेकून बसला. "सहा म्हैनं आमी तिकडं. मागं पोरीला कुनी काय केलं तर? मला झोप लागंल का, आये?"

"मी हाय की."

"तुझा काय भरवसा?"

"हिचं पेपर होईस्तोवर मरत न्हाई मी. जा तू."

दसऱ्यानंतर गहिनीनाथ आणि सत्यशीला टोळीबरोबर गेले. पुस्तकाचा शेवट रंगुबाईनं आरतीला सांगू दिला नाही. पौषापर्यंत तिनं तो स्वतः बोट ठेवून गाठला. मग मैत्रिणींकडून पुस्तक परत मागवून घेतलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

आरतीनं मार्चात दहावीचे सगळे पेपर दिले, शेवटचासुद्धा. तो एकच राहिला असताना, होळीच्या आदल्या दिवशी दुपारी, रंगुबाई वारली.