मैनाबाईच्या छातीतला व्हॉल्व्ह

नत्थुजींना कुठलीही गोष्ट समजावून सांगा, ते तिला आधी आपल्या संत्र्याच्या बागेत नेऊन लावणार आणि मगच मान हलवणार. अख्ख्या वरूडला ही खोड माहीत. त्यामुळे अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर चारुता मॅडमनी त्यांच्या बायकोचं, मैनाबाईचं दुखणं समजावायला कागदावर हृदयाच्या चार खोल्या काढल्या, तेव्हा नत्थुजींनी खिशातला पेन काढून शेजारी विहीर काढली.

अंगभर फिरून मळलेलं रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येतं, मॅडम सांगत होत्या. तिथून खाली उतरतं, मग फुप्फुसांत जातं. स्वच्छ होऊन डावीकडच्या वरच्या खोलीत परततं, खालच्या खोलीत उतरतं आणि तिथून जोरानं अंगभर सुटतं. वाटेत दाराला व्हॉल्व्ह, रक्त मागं फिरू नये म्हणून.

"म्हंजे फुप्फुस आपलं फिल्टर, अन् ही डाव्या अंगाची खालची खोली म्हंजे मोटर," नत्थुजी म्हणाले. "अन् हिच्यावरचा व्हॉल्व्ह बिघडला. बदला मंग!"

मॅडमना हसू आलं. "बदलू. पण काका, नवा व्हॉल्व्ह कृत्रिम असतो, त्यावर गुठळी धरते. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज द्यायची. जन्मभर."

ऑपरेशन पार पडलं. मैनाबाई ओसरीवर तूर सोलत बसली की तिच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येई. शेजारची बेबीताई चिडवायची, "मैना, तुया घरात आता घड्याळाचं कामच नाई!" नत्थुजी रोज दिवेलागणीला स्वतः गोळी देत. त्यात कधी खाडा नव्हता.

डिसेंबरात मैनाबाईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. कोपर दाराला लागलं, तर तिथं वांग्याएवढा काळानिळा डाग पडला. शहाण्या माणसानं मॅडमना फोन केला असता. पण नत्थुजी शहाण्याहून शहाणे. त्याच आठवड्यात त्यांनी बागेला ताण दिला होता. आंबिया बहारासाठी संत्र्याचं पाणी महिनाभर तोडतात. पानं मलूल होतात, पाहवत नाही, पण मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. चाळीस वर्षं ताण देण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

"आज गोळी काहून नाई देल्ली?" मैनाबाईनं विचारलं.

"रक्त लय पातळ झालं तुयं. थोडा ताण देऊन पाहू."

ती बागाइतदाराची बायको. तिलाही ते पटलं. हिरड्यांचं रक्त थांबलं आणि नत्थुजींची छाती फुगली. मुलगी रागिणी अकोल्याला शिक्षिका होती, ती रोज फोनवर विचारायची. "गोळी चालू हाय," नत्थुजी बिनदिक्कत सांगायचे.

बाराव्या दिवशी दुपारी मैनाबाई अंगणातून ओसरीपर्यंत आली आणि धापा टाकत खाली बसली. नत्थुजी थबकले. टिकटिक येत नव्हती. त्यांनी तिच्या छातीला कान लावला. आत नुसती दबकी धप, धप. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. बागेतल्या व्हॉल्व्हमध्ये गाळ अडकला की तोही असाच मुका होई. नत्थुजी हाका मारत अंगणाबाहेर धावले.

शेजारच्या देवमननं गाडी काढली आणि रागिणीला फोन केला. मोर्शी मागं पडली तेव्हा मैनाबाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. "पोरीले काई सांगू नका. मीच इसरली मनून सांगीन."

दवाखान्यात रागिणी अकोल्याहून येऊन पोचली होती. मॅडमनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "व्हॉल्व्हवर गुठळी दिसतेय. गोळी किती दिवस चुकली? त्यावरच उपचार ठरेल."

"एक दिवस," मैनाबाई धापेतून म्हणाली. "मीच इसरली."

मॅडमनी कागदावर 'एक' लिहिलं. नत्थुजींनी तो आकडा पाहिला. एका आकड्यावर पोरीसमोरची त्यांची अब्रू वाचत होती आणि बायको जात होती. त्यांनी मॅडमच्या हातातला पेन धरला.

"मॅडम, खोडा ते. बारा दिवस. म्या बंद केली. म्या ताण देल्ला तिले."

मॅडमना ताण कळला नाही, बारा कळले. त्या धावतच आत गेल्या. रागिणी बागेत वाढलेली, तिला सगळंच कळलं. ती भिंतीकडे तोंड करून रडली.

गुठळी विरघळवणारं औषध चालू झालं. दोन दिवस नत्थुजींनी अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी टिकटिक परत आली.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी मॅडमनी गोळ्यांची डबी पुढं ठेवली. "आता गोळी कोण देणार?"

नत्थुजींनी डबी रागिणीकडे सरकवली. रागिणीनं गोळी काढली, पाणी धरलं, पण मैनाबाईनं तोंड मिटून घेतलं.

"यायच्याच हातानं घेईन. यायचा हात नेमाचा हाय."

"आई, बारा दिवस देल्ली नाई त्यायनं!"

"तेई नेमानंच नाई देल्ली," मैनाबाई म्हणाली.

नत्थुजींनी गोळी घेतली. पण त्यांचा हात पुढं होईना, तेव्हा शेवटी मैनाबाईनंच त्यांचं मनगट धरून गोळी आपल्या तोंडाशी नेली.