न चाखलेली चव

"तो पुठ्ठा खाली ठेव, हौशीराम. मी हातात घ्यायचा नाय," झुंबरशेठ म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले.

तो पुठ्ठा म्हणजे ग्लासाखाली ठेवावयाची गोल चकती होय. आळेफाट्याच्या अलीकडे, महामार्गावरील ज्या हॉटेलात मी बिअर तयार करतो, तेथे प्रत्येक ग्लास अशा चकतीवर ठेवला जातो आणि प्रत्येक चकतीवर माझी चारोळी छापलेली असते. गिऱ्हाइकाने ग्लास उचलला की ती दिसते, ठेवला की झाकली जाते. एका घोटाच्या अवधीत जी वाचून होत नाही ती चारोळी मी बाद करतो. बिअर आणि चारोळी या दोहोंत माझा हात चांगला बसलेला आहे, ही गोष्ट मी विनयाखातर लपवीत नाही.

काव्यातील माझे गुरू म्हणजे हेच झुंबरशेठ. आठवीनंतर शाळा सुटली आणि मी नारायणगावात त्यांच्या छापखान्यात लागलो. लग्नपत्रिकेवरील व श्रद्धांजलीच्या पत्रकावरील चार ओळी मी लिहीत असे आणि द्राक्षाच्या घडातील जादा मणी कात्रीने विरळ करावेत तसे शेठ माझे शब्द विरळ करीत. पुढे फ्लेक्सचा जमाना आला, छापखाना ओस पडला आणि मी त्या हॉटेलात गेलो. पुण्याहून आलेल्या सुदर्शनसाहेबांनी मला सातूचा म्हणजे बार्लीचा काढा उकळणे, तो आंबवणे, थंड टाकीत मुरत ठेवणे, हे सर्व शिकवले. पहिला घोट घेतला त्याच दिवशी मला उमगले की हे काम नशेचे नसून चवीचे आहे.

शेठ मात्र जैन धर्माचे कडक आचरण करणारे. "तुझी कविता आता दारूच्या पेल्याखाली भिजणार. ती मी नाय ऐकत," असे ते तेव्हा म्हणाले आणि तो शब्द त्यांनी पाळला. आमचे येणेजाणे राहिले, विचारपूस राहिली, परंतु माझी एकही चारोळी त्यांच्या कानावर गेली नाही. आता त्यांचे चिरंजीव जिनेश त्यांना कायमचे पुण्यास नेणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता. माझ्या ओळी वाचणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु ज्याने त्या ऐकाव्यात असे मला मनापासून वाटे तो एकच माणूस होता आणि तो निघाला होता.

"पुठ्ठा राहू द्या," मी म्हणालो. "मी म्हणून दाखवतो. तुमी निस्तं ऐका."

शेठनी हात खिशातच ठेवले, पण ते उठून गेले नाहीत. मी ती संमती समजलो.

"डोईस शुभ्र फेटा बांधून, सोन्याची स्वारी आली..."

"वरात झाली ही," शेठ मध्येच म्हणाले. "असली आपण पत्रिकांवर लई छापली. तुझ्या त्या पेल्यातलं काय हाय यात?"

मी दुसरी म्हटली. तीत माणूस एका घोटात दुःख विसरतो असा भावार्थ होता.

"दुःख विसरायला मानूस भजनातबी बसतो. चव कुठंय?"

"चव चाखल्याबिगर कशी कळंल, शेठ?"

"मग कवी कशाला झालास? वाढपी हो."

छापखान्यामागच्या घरात पोत्यात भांडी भरणाऱ्या शेठच्या पत्नी झमकूकाकींना हसू आले. "अहो, कशाला छळता त्याला? जाता जाता तरी गोड बोला."

"गोडच बोलतोय." शेठ माझ्याकडे वळले. "हे बघ हौशा. जन्मात मी थेंब चाखला नाय आन चाखणार नाय. तरी मला ती कळली पाहिजे. चार ओळींत. तर मी म्हणंन, पोरगा कविता करतो. न्हाईतर तू निस्ता दारू विकतोस. दिवस मावळायच्या आत आण. मावळल्यावर माझ्या तोंडात पाणी जात नाय, तुझी बिअर कुठनं जाणार?"

मी कामावर गेलो. दुपारी टाकीचा लहान नळ उघडून थोडी बिअर ग्लासात घेतली आणि जणू अनोळखी वस्तू असावी अशी डोळे मिटून जिभेवर ठेवली. भाजल्या धान्याचा वास शेठना समजण्यासारखा होता, कारण काकी दर उन्हाळ्यात सातूचे पीठ करीत. अडत होते ते कडूपणापाशी. मेथी कडू, कारले कडू, परंतु ते कडूपण कडूच राहते. हे तसे नव्हे. हे जाताना काही देऊन जाते. असा कडूपणा मी स्वयंपाकघरात शोधत होतो आणि तो तेथे सापडेना. मग एकाएकी तो जेथे होता तेथे दिसला. मी ग्लास तसाच ठेवला आणि जीप गाठली.

टोमॅटोचा हंगाम असल्याने नारायणगावच्या बाजाराच्या अलीकडेच पिकअप गाड्यांची रांग लागली होती. जीप हलेना, तेव्हा मी उतरलो आणि ओळी पुटपुटत चालू लागलो. सूर्य शिवनेरीच्या अंगाला टेकला होता. शेठ छापखान्याच्या पायरीवर उकळून निववलेल्या पाण्याचा पेला घेऊन बसले होते. मी दम न घेता म्हटले:

"भाजल्या सातूचा वास
तापल्या घशात उतरला;
कडू बोलून निघालेला माणूस
दारातून वळून हसला."

शेठनी पेला पायरीवर ठेवला.

"माणूस काढ," ते म्हणाले. "निघालेला म्हटल्यावर म्हैस थोडीच असणार."

मी तो शब्द गाळून पुन्हा म्हटले. त्यांनी डोळे मिटले. "परत," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांचा कंठमणी घोट गिळल्यासारखा खालीवर झालेला मी पाहिला. तोवर ऊन सरले होते. पेल्यातील पाणी तसेच राहिले.

"मावळला दिवस. जा आता," एवढेच शेठ बोलले.

चारोळी साधली आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. टाकी उघडताच बिअर तयार आहे की नाही हे जसे मला समजते, तसे ते समजले होते. तथापि त्यांच्या तोंडचा शब्द मला मिळाला नव्हता.

सकाळी मी सामान चढवण्यास गेलो. जिनेशभाऊ दोर आवळत होते. झमकूकाकींनी हमालाला, ड्रायव्हरला आणि मला पोह्यांच्या बशा दिल्या. मी माझी बशी शेठपुढे केली तेव्हा काकींनी ती मागे सारली.

"त्यांना नको. काल काय पाजलंस रे त्यांना? आज उपास धरलाय. निस्त्या पाण्यावर."

"पप्पा, आज प्रवासाचा दिवस," जिनेशभाऊ म्हणाले. "तिथीबी न्हाई. कसला उपास?"

"काल मावळतीला मी बिअर प्यालो," शेठ म्हणाले.

जिनेशभाऊंच्या हातून दोर सुटला.

"मनानं प्यालो. आपल्यात मनानं केलेलंबी केलेलंच असतं. आदी वास आला, मग कडू लागली, मग बरी वाटली. लई बरी वाटली." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "त्याचं प्रायश्चित्त घेतलंय."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले.

"नवी झाली की फोनवर ऐकव," ते खिडकीतून म्हणाले.

"रोज ऐकवतो, शेठ."

"रोज नको. म्हयन्याला एक. या वयात लई उपास झेपत नाय."

टेम्पो पुण्याच्या दिशेने वळला. माझ्या हातातील पोहे तोवर गार झाले होते. ती बशी मी हमालाला दिली, पेलाभर पाणीच प्यालो आणि फाट्याकडे जाणारी जीप धरली.