पट्टी माशाला गिऱ्हाईक

मासळी गोठवण्याच्या कारखान्यात ती तपासनीस होती. वीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी राहून तिनं मासे पारखले होते, आणि खराब मासा तिच्या हातून कधी पुढं गेला नव्हता. म्हणून सगळे तिला 'काटा' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचंही.

जुन्या परदेशी व्यापाऱ्यांनी कोळंबी घेणं बंद केलं आणि कारखान्यातली टेबलं एकेक करून बंद पडली, तेव्हा कारखाना चालवणाऱ्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी तिला बोलावलं. "नवीन देश शोधायला हवा. शिकलेली दोघं पाठवून बघितली, फोटो काढून परत आली. तू जा. तुला निदान मासा तरी कळतो."

"मला तिथली भाषा कुठं येते?"

"माशाला तरी कुठं येते?" चेअरमन म्हणाले.

सहा महिन्यांसाठी ती गेली. टायरच्या दुकानावर एक खोली मिळाली. खिडकी उघडली की रबराचा वास, बंद केली की स्वतःच्याच श्वासाचा आवाज. सकाळी थर्माकोलच्या पेटीत कोळंबीचे नमुने घेऊन ती निघे. मासळी व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांतल्या मुली हसून पेटी ठेवून घेत, आणि पुढं काही होत नसे. एकदा आठवड्यानं चौकशीला गेली, तर पेटी टेबलाखाली तशीच होती. चिकटपट्टीही काढलेली नव्हती, आणि खाली घाण पाण्याचं थारोळं. तिनं स्वतःच्या रुमालानं फरशी पुसली आणि पेटी उचलून पायीच परत आली.

नवरा जेट्टीवर बर्फ फोडायच्या यंत्रावर होता. "कशी आहेस?" विचारायचा आणि उत्तर येण्याआधीच यंत्र घरघरू लागायचं. "थांब हं, लॉरी आलीय." ती थांबायची. फोन कानाला लावून चहा संपवायची. कधी कधी तो परत येण्याआधीच फोन कट व्हायचा.

चौथ्या महिन्यात कोळंबीचा नाद सोडून ती घाऊक बाजारात नुसतीच फिरायला गेली, आणि एका गाळ्यापुढं थबकली. खोक्यांत पट्टी मासा मांडलेला होता. लांब, चपटा, आरशासारखा लखलखीत. तिच्या गावाकडं हाच मासा फावड्यानं उचलून कोंबड्यांच्या खाद्याला जायचा. इथं माणसं त्याच्यावर वाकून वाकून निवड करत होती.

गाळ्याचा मालक म्हातारा होता. तिनं मोबाईलवर त्याला घरच्या पट्टी माशाच्या ढिगाचा फोटो दाखवला. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग एक खरवडलेला मासा उचलला, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेली रुपेरी भुकटी तिच्यापुढं धरून मान हलवली. चांदी निघाली की किंमत गेली. दुभाष्याची गरजच पडली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी तिच्याशी माशाबद्दल बोललं होतं.

"गळाला लागलेलाच घ्या, जाळ्यातला नको," तिनं चेअरमनना फोनवर सांगितलं. "सरळ झोपवा. मधे प्लास्टिक घाला. वर बर्फाचे खडे टाकू नका."

"कोंबडीच्या खाद्याचे एवढे लाड?"

"जावई समजून करा."

विमानानं आलेला पहिला माल खरवडलेलाच निघाला. म्हाताऱ्यानं झाकण लावलं. त्या दिवशी तिनं फोनवर सगळ्यांची अशी खरडपट्टी काढली, की चेअरमननी स्वतः उभं राहून दुसरा माल भरून घेतला. तो आला. म्हाताऱ्यानं अंगठा फिरवला, उन्हात धरून बघितला. स्वच्छ. मग त्यानं तो अंगठा शेजारच्या गाळेवाल्यालाही नेऊन दाखवला.

दर महिन्याला एक कंटेनर ठरला.

"गंगेत घोडं न्हालं!" चेअरमन ओरडले. "आता तू तिथंच राहा. दोन वर्षं तरी. माल उतरताना आपलं माणूस नको का?"

तिची बॅग अर्धी भरून झाली होती. तिनं नवऱ्याला फोन लावला. त्यानं पहिल्यांदाच यंत्र बंद केलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? बंद पडलेली सगळी टेबलं चालू झालीत. परत ये म्हटलं तर टेबलावरच्या बायका मला बर्फात पुरतील." मग तो म्हणाला, "पण म्हणावंसं वाटतं."

ती राहिली.

पहिला कंटेनर आला त्या सकाळी दार उघडताच पांढरी थंड वाफ तिच्या अंगावर आली. प्रत्येक खोक्यावर तपासणारीचा नंबर होता. बारा नंबर म्हणजे सतत गुणगुणणारी. चार नंबर म्हणजे जिचं लग्न हिनंच जमवलं होतं ती. एकेका नंबरावर ती हात ठेवत गेली. मग एकतीस नंबर आला. असा नंबर तिच्या वेळी नव्हता. तिनं खोकं उघडलं, एकेक मासा उलटसुलट करून पाहिला. बाजूला काढावा असा एकही नव्हता.

"एकतीस नंबर कोण?" तिनं फोनवर विचारलं.

नवरा म्हणाला, "नवीन आलीय. तुझ्या टेबलावर उभी असते."

"चांगलं बघते," ती म्हणाली. "सांगा तिला."

तिनं हातमोजे पुन्हा चढवले. अजून बरीच खोकी उतरायची होती.